प्लेगचा हुकूम

पिंपरीगावातल्या त्या झेरॉक्सवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्लेगच्या इतिहासासाठी मी जुने मोडी कागद धुंडाळतो. चाकणजवळच्या एका पाटलांकडून हातापाया पडून आणलेला कागद मी त्याच्या काउंटरवर ठेवला.

"काय हाय हे?"

"प्लेगच्या साथीतला हुकूम."

कागद चावल्यासारखा त्याने हात मागे घेतला. गळ्यातला रुमाल नाकावर चढवला आणि सॅनिटायझरची बाटली उचलली. मी कागदावर आडवाच पडलो.

"अहो, शाई जाईल!"

"आन् आमी गेलो मंजे?"

शेवटी तह झाला. कागद काचेवर मी ठेवायचा, बटण तो दाबणार, तेही पट्टीच्या टोकाने. झेरॉक्स निघाल्यावर मात्र त्याला राहवेना.

"लिवलंय काय पण?"

"एका जागी गर्दी करू नका."

त्याचे डोळे चमकले. "भाऊ, अजून एक काढतो. मला पायजे."

आठवड्याने गेलो, तर ती झेरॉक्स काउंटरवरच्या भिंतीला चिकटवलेली. मोडी कुणालाच वाचता येईना, म्हणून शिफ्ट सुटलेली पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे माना उंचावून तिच्यापुढे उभे. तेव्हाही चावडीवर असंच झालं असणार, असं मला वाटून गेलं. आमचा झेरॉक्सवाला रुमालाआडून ओरडत होता, "आरं, गर्दी करू नका! तेच लिवलंय त्यात!"

"कुठं लिवलंय?" म्हणत मागचेही पुढे सरकले.