साक्षगंधाची सुट्टी

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात समोरच्या साहेबांनी सांगितलं की गरीब पालकांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नसतं, म्हणून आधी त्यांनाच जागं करावं लागतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. चहाच्या वेळी मी साहेबांना गाठलं आणि म्हटलं, सर, माझे बाबा मालधक्क्यावर हमाल होते, ते पहाटे चारलाच जागे असायचे. साहेब हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली. मला गंमत करायची नव्हती, भांडायचं होतं, पण तेवढ्यात समोसे आले.

तेव्हा राहून गेलं ते आता सांगते. मी रायपूरच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवते, आणि मी तिथवर कशी पोचले याचा मला इतका अभिमान आहे की कधीकधी तो इतरांना सोसवत नाही. त्याला माझा इलाज नाही.

आम्ही रायपूरच्याच गुढियारी वस्तीत एका खोलीत राहत होतो. बाबा भंडाऱ्याकडून तरुणपणी इथे आले आणि मालगाड्या रिकाम्या करणाऱ्या एका टोलीत लागले. टोलीत अर्धे आमच्यासारखे विदर्भातले, अर्धे छत्तीसगढी. आई बूढापाऱ्यातल्या दोन जुन्या मराठी घरांत पोळ्या करायला जायची, आणि ऑटोचं भाडं वाचवायला चालतच जायची. उन्हाळ्यात आमच्याकडेही इथल्यासारखीच बासी असायची: उरलेला भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा आणि मीठ. आठवीपर्यंत शाळेत दुपारचं जेवण मिळायचं. नववीत ते बंद झालं. मग मी मधल्या सुट्टीत नळावर पोटभर पाणी प्यायचे आणि वर्गात येऊन गणितं सोडवायचे, कारण रिकाम्या पोटी इतिहास वाचला की झोप यायची आणि गणिताने ती यायची नाही. लोक विचारतात, गणिताची आवड कशी लागली? मी सांगते, भुकेने. ते अवघडतात, मला त्यात अवघडण्यासारखं काही वाटत नाही.

दहावीची परीक्षा झाली आणि आमच्या बाईंनी एका निवासी शाळेचा अर्ज आणून दिला. अकरावी-बारावी विज्ञान, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. पण प्रवेशपरीक्षा होती, आणि त्याच दिवशी उत्पन्नाचा मूळ दाखला घेऊन पालकाने हजर राहायचं होतं. दाखला बाबांच्या नावाचा. म्हणजे बाबाच हवेत. परीक्षा रविवारी, समता कॉलनीतल्या एका शाळेत. रेल्वेच्या पुलाखालून गेलं की आमच्यापासून चालत अर्धा तास.

आणि त्याच रविवारी खताची रॅक लागणार असल्याची बातमी आली.

रॅक म्हणजे पूर्ण मालगाडी. ती लागली की ठरलेल्या तासांत सगळे डबे रिकामे व्हायलाच हवेत, म्हणून टोलीतल्या प्रत्येकाने हजर राहायचं. जो आला नाही त्याची जागा गेली, कारण धक्क्याच्या फाटकाशी रोज दहा माणसं त्या जागेसाठी बसलेली असायची. या नियमाला टोलीने दोनच सुट्ट्या ठेवल्या होत्या: लग्न आणि मयत. घरात यातलं काही असलं तर त्या माणसाच्या वाटची पोती बाकीचे आपापसांत उचलायचे, जागाही राहायची आणि मजुरीही घरी यायची. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं. बाबा स्वतः किती जणांच्या वऱ्हाडांसाठी आणि तिरड्यांसाठी वाकले असतील, त्यांच्या पाठीलाच ठाऊक.

आता परीक्षा ना लग्नात बसत होती ना मयतीत. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि आम्हाला न सांगता मार्ग काढला. मयत सांगायची तर कुणाला तरी मारावं लागलं असतं, आणि आई तर समोर धडधाकट बसली होती. तेव्हा त्यांनी मुकादमांना सांगितलं की रविवारी पोरीचं साक्षगंध आहे.

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. तोही लग्नातच धरला जायचा. बाबांना वाटलं, झालं काम.

शनिवारी दुपारी मी नेहमीसारखा डबा घेऊन धक्क्यावर गेले. सिमेंटचा माल उतरवून झाला होता आणि टोली शेडच्या सावलीत बसली होती, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. मी दिसताच कुणीतरी हसत म्हणालं, नवरी आली. मला वाटलं दुसरं कुणी येतंय, म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. बाबांकडे पाहिलं तर ते एकाएकी गमछ्याची गाठ सोडण्यात गुंतले होते.

मुकादम काका उठून माझ्यासमोर आले. गोंदियाकडचा उंच, हाडकुळा माणूस. टोलीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. त्यांनी मला वय विचारलं. मी पंधरा सांगितलं. मग म्हणाले, "अन् उद्या तुहं साक्षगंध हाय म्हणते तुहा बाप. तुले माहीत हाय का?"

मला जे झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. आमच्या चाळीतली माझी मैत्रीण दोन वर्षांपूर्वी अशीच गेली होती. आधी पाहुणे आले, मग पोहे झाले, मग तिची पुस्तकं रद्दीवाल्याला गेली, आणि तिला शेवटपर्यंत कुणी काही विचारलं नाही. मला खरंच वाटलं की आता माझी पाळी आहे. परीक्षेला सोबत येतो म्हणणारे माझे बाबा मला फसवत होते असं वाटलं. मी डबा खाली ठेवला, ठेवला म्हणजे आपटलाच, आणि सगळ्या टोलीदेखत ओरडले की मी लग्न करणार नाही, माझी उद्या परीक्षा आहे, आणि कुणाला साक्षगंध करायचंच असेल तर स्वतःचं करावं. तोंड मला जन्मतःच आहे. त्या दिवशी ते रडतही होतं.

मुकादम काकांनी मला हाताने थांबवलं आणि बाबांकडे वळले. "पंधरा वर्षाच्या पोट्टीच्या साक्षगंधाले या टोलीतला एक माणूस तुहं पोतं उचलणार नाही. लग्नाले सुट्टी हाय, ह्याले नाही."

बाबा उभे राहिले. सगळी टोली त्यांच्याकडे पाहत होती. ते फार हळू बोलले, पण शेडमध्ये इतकी शांतता होती की ऐकू आलं. साक्षगंध नाही, म्हणाले. ती म्हणते तेच खरं आहे. परीक्षा आहे, मोठ्या शाळेची, मला सोबत जायचं आहे. परीक्षेला कोण सुट्टी देणार, लोक हसतील, म्हणून लग्न सांगितलं.

कुणी हसलं नाही. मुकादम काकांची स्वतःची मुलगी सहावीतच शाळेतून काढली होती, हे मला खूप नंतर कळलं. मग ते म्हणाले, "लग्नाचं खोटं सांगतानी लाज नाही वाटली, अन् परीक्षेचं खरं सांगतानी वाटली?"

बाबांनी मान खाली घातली. मीही घातली, का ते तेव्हा मला कळलं नाही.

टोलीत काही ठरवायचं तर सगळ्यांना विचारायची रीत होती. मुकादम काका वळले आणि विचारलं, परीक्षेला सुट्टी द्यायची का? सगळ्यात म्हातारा छत्तीसगढी हमाल विडी विझवत म्हणाला, "हव." मग शेजारचा म्हणाला, हव. असं करत करत ते शेडच्या टोकापर्यंत गेलं. वीसेक माणसं असतील. पाठी वाकलेल्या, डोळ्यांत सिमेंट गेलेलं, बहुतेकांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, आणि प्रत्येकाने दुसऱ्या दिवशी चार-पाच पोती जास्त उचलायचं कबूल केलं. त्या प्रशिक्षणातल्या साहेबांना मला हेच दाखवायचं होतं. त्यांना दिसलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

तेव्हापासून त्या टोलीत परीक्षा हे सुट्टीचं तिसरं कारण झालं. पुढे त्याचा फायदा घेऊन एका पोराने एका वर्षात बापाला पाच परीक्षांना नेलं, आणि पाचव्यांदा मुकादम काकांनी त्याला प्रवेशपत्र दाखव म्हणून धक्क्यावर बोलावलं. पण कारण टिकलं.

घरी येताना मी बाबांशी भांडत आले. खोटं काहून बोलले, माझ्या जिवाचं पाणी झालं, सगळ्यांसमोर मला नवरी केलं, असं गुढियारीच्या नाक्यापर्यंत चाललं. आईला कळलं तेव्हा ती आधी त्यांच्यावर चिडली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

रविवारी बाबांनी लग्नकार्याचा पांढरा सदरा घातला. पुलाखालून जाताना ते थांबले आणि यार्डाच्या दिशेने कान देऊन उभे राहिले. रॅक लागली होती. मग पुन्हा चालू लागले.

पेपर चांगला गेला. बाहेर आले तेव्हा बाबा झाडाखाली बाकीच्या पालकांपासून जरा लांब उभे होते. पहाटेपासून पाठीवर काही नाही असा दिवस त्यांना माहीत नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळत नव्हतं. आम्ही कागद तपासायच्या रांगेत लागलो. टेबलाशी पोचलो तेव्हा तिथल्या बाबूने माझा अर्ज पाहिला, मग दाखला पाहिला, मग पुन्हा अर्ज, आणि त्याच्या कपाळावर आठी आली. तो बाबांना म्हणाला, "आप रेल्वे में हैं? फिर आमदनी इतनी कम कैसे लिखी है? ये तो रद्द हो जाएगा."

बाबांना काही कळलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. मला कळलं, कारण ते मीच लिहिलं होतं. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी सहावीपासून रेल्वे लिहीत आले होते. शाळेतल्या मुलींनाही तेच सांगितलं होतं. बाबा रेल्वेच्या धक्क्यावर काम करतात, म्हणजे अगदीच खोटं नाही, अशी माझी समजूत. आदल्या दिवशी त्यांच्या एका खोट्यावर मी नाक्यापर्यंत भांडत आले होते, आणि माझं खोटं पाच वर्षांचं होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं, हे मला दिसलं. मी पुढे होऊन बाबूला सांगितलं की चूक माझी आहे, बाबा रेल्वेत नाहीत. तो म्हणाला, मग काय करतात? माझ्या तोंडातून शब्द निघेना. एरवी माझं तोंड बंद कसं करावं हा घरचा प्रश्न असायचा.

बाबाच बोलले. "हमाल हूँ, साहब. बोरा उठाता हूँ. आज मेरा बोरा मेरे साथी उठा रहे हैं, बेटी की परीक्षा है."

बाबूने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग अर्ज माझ्याकडे फिरवला, तो शब्द खोडून शेजारी बरोबर लिहायला आणि सही करायला सांगितलं. मी लिहिलं. अक्षर रकान्याबाहेर गेलं. त्याने शिक्का मारला. बाबांनी मला विचारलं, काय लिहिलं? मी खालच्या आवाजात वाचून दाखवलं.

"मोठ्यानं वाच," बाबा म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं. मागच्या सगळ्या रांगेने ऐकलं.