बाबांनी आज हात जोडले

मंडळी, अर्धांगवायूनंतर बाबा आज पहिल्यांदाच घराबाहेर पडले. आई आणि मी त्यांना धामापूरच्या भगवतीच्या देवळात घेऊन गेलो.

देवीसमोर त्यांनी उजवा हात वर केला. डावा हललाच नाही. त्यांचे डोळे भरून आले. "देवीक हात जोडूक पण जमना नाय माका," ते म्हणाले.

आई त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि तिने आपला तळवा त्यांच्या तळव्याला लावला. "माझो हात आसा मां," ती म्हणाली. दोघांनी डोळे मिटले.

शाळेत मी 'जोडणे' शिकवताना सांधणे, जुळवणे, मिळवणे असे अर्थ फळ्यावर लिहिते. दोन माणसांच्या हातांनी एकच नमस्कार होतो, त्या जोडण्याला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का?