समरकंदच्या आजींचा नळ

समरकंदला मी इतिहासासाठी गेलो नाही. अविनाश जाऊन आला म्हणून गेलो.

अविनाश कॅनडातला, विनिपेगमधला आमचा शेजारी. हिवाळ्यात माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ अर्धा उपसून होतो तोवर तो स्वतःचा उरकून आत चहा पीत असतो. एवढं मी सहन केलं होतं. पण गणपतीच्या जेवणाला त्याने समरकंदच्या निळ्या घुमटांचे फोटो दाखवले, वर सगळं किती स्वस्तात झालं तेही सांगितलं. माझी बायको मंजिरी म्हणाली, "बघ, लोक कसं प्लॅन करतात." त्यानंतरचे मोदक मला गोड लागले नाहीत. (खाल्ले सात, पण गोड लागले नाहीत.)

राहायचं कुठे हे त्याला विचारणं म्हणजे हार मानणं. मी त्याचे फोटो झूम करकरून मागच्या गेस्टहाउसची पाटी वाचली आणि मे महिन्यासाठी तिथलीच सगळ्यात लहान खोली बुक केली. तिकिटंही अशी स्वस्त, की तीन विमानं बदलून पोहोचेपर्यंत आमच्या मुलीने, इराने, माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

मालकीण गुलनोरा आजी फोनवरच्या ट्रान्सलेटरमधून बोलायच्या. विनिपेग म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. मग दोन दिवस गरम नान आणि ग्रीन टीबरोबर अविनाशच! अविनाशने स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त केला. अविनाशने दाराची कडी बसवली. अविनाशसारखा माणूस नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेगिस्तान चौक बघायला निघताना मला दिसलं, अंगणातला नळ ठिबकतोय. निळे घुमट बघूनही मला इतका आनंद झाला नव्हता.

"घरी बल्ब बदलायला तू माणूस बोलावतोस," मंजिरी म्हणाली.

मी आजींकडून पाना मागून घेतला आणि नळ आवळला. तो माझ्या हातात आला.

पाण्याचा फवारा आधी माझ्यावर, मग आजींनी उन्हात घातलेल्या गाद्यांवर, मग आजींवर आणि त्यांच्या फोनवर. ट्रान्सलेटर गेला, आजी पुढे जे बोलल्या ते मात्र भाषांतराशिवाय कळलं. मी पाइपला तळहात लावून उभा. मुख्य कॉक कुठे आहे, ते विचारणार कसं?

इराने तिचा फोन काढला. "आय ॲम कॉलिंग अविनाशकाका."

"त्याला नको," मी म्हणालो. तोवर व्हिडिओ कॉल लागलाही.

विनिपेगला तेव्हा रात्र होती, तो जेवायला बसला होता. घास चावत म्हणाला, "जर्दाळूच्या झाडामागे लोखंडी झाकण आहे. त्याखालचा कॉक उजवीकडे फिरव. अरे, उजवीकडे."

पाणी थांबलं. आजींनी इराच्या फोनचा मुका घेतला.

आम्ही दुपारपर्यंत गाद्या पिळत होतो. संध्याकाळी आजींनी खुणेने सांगितलं, की पैसे नकोत, फक्त उद्यापासून दुसरीकडे राहा.

परत आल्यावर पहिल्याच पॉटलकच्या जेवणाला मी सगळ्यांना सांगितलं, की समरकंदला आमचं राहणं चक्क फुकटात झालं. का झालं, ते सांगायला अविनाश शेजारच्याच खुर्चीत बसला होता.