मास्तरांचा दुसरा कौल

माझं अक्षर चांगलं, पाढे तोंडपाठ, पण होडीत पाय ठेवला की मळमळ. तोंडवलीच्या होडीवाल्या घरात असा मुलगा जन्माला आला की त्याला मास्तर करतात. मलाही केलं. कट्टा गावाजवळच्या शाळेत मी गणित शिकवू लागलो. १९६१ साली ट्रेनिंगसाठी कोल्हापूरला गेलो आणि डोक्यात एक नवीनच खूळ घेऊन परतलो. संभाव्यता मुलांना कशी समजते, यावर मला निबंध लिहायचा होता. पुस्तकात नसलेलं शिकवायचं आणि वर त्यावर संशोधन करायचं, याला खूळ नाही तर काय म्हणणार?

वर्गात मी नवा पैसा उडवायचो. ओळीने तीन-चार छापे पडले की पोरं ओरडायची, "गुरुजी, आता काटोच पडतलो!" मी गालातल्या गालात हसायचो. पैशाला मागचं काही आठवत नसतं आणि चार-दोनदा उडवून कसलाही निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी इतक्यांदा सांगितलं की हेडमास्तर माझ्या वर्गावरून जायचे टाळू लागले. गावात मला छापा-काटा मास्तर म्हणत. मला तो किताब वाटायचा.

अशात माझं लग्न निघालं. मुलगी दाजी परबांची तुळसा. तिला मी कट्ट्याच्या बाजारात दोनदा पाहिलं होतं, आणि दुसऱ्यांदा तर माझी छत्री दुकानातच विसरून आलो होतो. मला करायची होती ती हीच. पण दाजी देवाला विचारल्याशिवाय बैलसुद्धा विकत घेत नसत, तर जावई कुठला घेणार? देवळात कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून त्याला प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी पडलो सुधारक. कळता झाल्यापासून देवळाची पायरी चढलो नव्हतो. त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो.

शिवा गुरवाने गाऱ्हाणं घातलं. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा. थोड्या वेळाने पाकळी सुटली. डावीकडची.

लगेच माझं तोंड सुटलं. शास्त्र सांगायचं म्हणून मी पुस्तकी मराठीत शिरलो. "दाजी, एका कौलावरून काहीच सिद्ध होत नाही! हा निव्वळ योगायोग. निदान वीसदा लावा, मग बघू कुठल्या बाजूला जास्त पडतात."

"वीस येळा?" शिवा म्हणाला. "देव काय तुमच्या शाळेत आसा?"

मी हटलो नाही. वारा, पाकळीचा ओलेपणा, शिवाचा अंगठा, सगळं काढलं. इतकं चांगलं मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच कुणालातरी ते पटत होतं. दाजी विचारात पडले.

"म्हणजे मास्तरानू, ह्यो उजवो कौल तुमका मान्य नाय?"

"उजवो?"

"देवाचो उजवो! तो आमच्याकडे तोंड करून बसलो आसा ना?"

समोर तोंड करून उभ्या असलेल्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे मी कवायतीच्या तासाला पोरांना ओरडून सांगत असे. देव होकार देऊन मोकळा झाला होता आणि मी भरल्या देवळात तो खोडून काढत होतो.

"मान्य आसा, मान्य आसा!" मी झटक्यात मालवणीत परतलो.

पण दाजी आता ऐकेनात. "तुमीच म्हणतास ना, एकान काय ठरना नाय? शिवा, लाय परत."

शिवाने नव्या पाकळ्या पाण्यात घातल्या. पदरात पडलेला होकार मी स्वतःच्या विद्वत्तेने अर्धा करून टाकला होता. आणि माझ्या संशोधक डोक्यात त्या वेळी काय यावं? एकदा उजवा पडला, म्हणजे आता डावाच पडणार! ज्यासाठी पोरांना हसलो, अगदी तेच. मी मुकाट्याने देवाला नारळ बोललो.

तेवढ्यात बायकांमधून तुळसा उठून उभी राहिली.

"बाबा, देवान एकदा सांगल्यान ना? मास्तरांका उजवो-डावो कळना नाय, म्हणून देवाक कित्याक तरास?" मग तिने मान खाली घातली, पण आवाज खाली आणला नाही. "आणि माका ते पसंत आसत."

देऊळ हसलं. दाजीही हसले. शिवाने पाकळ्या तशाच पाण्यात राहू दिल्या. मला आनंदाने रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, लाजही वाटली. देवाला वीसदा विचारा म्हणून मी एवढा भांडलो होतो, पण तुळसाला एकदा विचारावं, हे काही मला सुचलं नव्हतं.