कोरडा शेक

बायकोला क्षय नाही असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी खुर्चीवरून उठून त्यांचे पायच धरले. दिवाळीपासून तिचा खोकला हटत नव्हता, थुंकीतून रक्त पडत होतं, आणि अख्ख्या मळवलीने क्षय ठरवून आमच्या घरचं पाणीही बंद केलं होतं. मी मनातल्या मनात पेढे वाटायला निघालो.

"अहो, बसा आधी," डॉक्टर म्हणाले. "क्षय नाही, पण फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सर म्हणतात याला."

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, त्यामुळे घाबरायचं किती ते कळेना. त्यांनी काचेसारखा फोटो उजेडासमोर धरला. उजव्या बाजूला लिंबाएवढा पांढरा डाग होता. ही गाठ कापता येण्यासारखी नाही, ते म्हणाले, पण विजेच्या यंत्रातून किरणांचा शेक देऊ. सहा आठवडे. मधे खंड पडता कामा नये, कारण गाठ सुस्तावली की लगेच पुढचा तडाखा द्यावा लागतो.

वीज म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी लोणावळ्याच्या यार्डात सांधेवाला. गाड्यांच्या वाटा बदलणारे रूळ हलवायचे, हे माझं काम. विजेवर चालणारी इंजिनं अख्खी मालगाडी घाटातून वर आणतात, हे रोज डोळ्यांनी बघणारा माणूस मी. तिथे लिंबाएवढ्या गाठीची काय कथा! परतीच्या गाडीत मी तिला हेच सांगत सुटलो. लढाईचे दिवस, डबा पलटणीच्या शिपायांनी भरलेला, आणि मी त्यांनाही सांगत होतो.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ती खोकत खोकत म्हणाली. "आदी बगू तरी काय करत्यात ते."

मी साठलेली सगळी रजा टाकली. सोमवार ते शुक्रवार आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहायचो आणि शनिवार-रविवार रेल्वेच्या पासावर मळवलीला यायचो. तिच्या छातीवर जांभळ्या शाईने चौकोन आखला होता. तिथे पाणी लावू नका, अशी सक्त ताकीद होती, आणि ती आम्ही देवाच्या आज्ञेसारखी पाळली. तिसऱ्या आठवड्यात ती रात्रभर न खोकता झोपली. मी सकाळी धर्मशाळेतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला जाऊन ही बातमी दिली. चौकोनातली कातडी लाल झाली होती, पण ते मला उलट शुभच वाटलं. विस्तव आत पोचल्याचीच ती खूण, असं मी धरून चाललो.

त्या शनिवारी मळवलीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर खंड पडू नये म्हणतात आणि आपण तर दर आठवड्याला दोन दिवस फुकट घालवतो! शेकच द्यायचा ना? मग तो घरी का नको? पाणी लावू नका म्हणाले, शेकू नका असं कुठे म्हणाले? मी तव्यावर जाडं मीठ तडतडेपर्यंत भाजलं, धडप्यात बांधलं आणि बरोबर त्या चौकोनावर पुरचुंडी ठेवली. अगदी कोरडा शेक.

"अवो, पोळतंय की!"

"पोळणारच. रोग जळतोय तो."

तिने ओठ दाबून सोसलं. शनिवारी दोनदा, रविवारी तीनदा.

सोमवारी डॉक्टरांनी पदर बाजूला करायला सांगितला. चौकोन फोडांनी भरला होता, एक फुटलाही होता.

"हे काय केलंत?"

"शेकलं, साहेब," मी छाती काढून म्हणालो. "दोन दिवसांचा खाडा पडू नये म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की!"

ते मटकन स्टुलावर बसले. मग हळू आवाजात म्हणाले की किरणांनी ही कातडी आधीच भाजलेली आहे, तिच्यावर तुम्ही आणखी निखारा ठेवलात. आता जखम सुकेपर्यंत उपचार बंद. किती दिवस, मी विचारलं. "जखम सुकेपर्यंत आपण थांबू, पण गाठ थांबणार नाही," एवढंच ते म्हणाले. मी माझ्या हाताने तिला मारली, असं मला तिथे उभ्या जागी वाटलं आणि मी सगळ्यांदेखत रडलो.

"त्यास्नी काय बोलू नका, डाक्टर," ती म्हणाली. "म्याच म्हनलं, शेका म्हनून."

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. तिने कधी माझी चूक पोटात घातली नव्हती, चारचौघांत उगाळून दाखवण्यात तिला भारी मौज वाटायची. आणि आज अंगावर फोड घेऊन ती माझ्यासाठी खोटं बोलली.

पुढचे बारा दिवस मी दुसरं काही केलं नाही. मलम लावायचं, माश्या वारायच्या, आणि उजाडलं की जखम बघायची. नवव्या दिवशी कडेने गुलाबी कातडी दिसली तशी मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की ती दचकली. तेराव्या दिवशी डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चला, सुरू करू." मी पुन्हा पाय धरायला वाकलो, त्यांनी पाय मागे घेतले.

उरलेले शेक पार पडले. शेवटी दुसरा फोटो काढला. लिंबाचा आवळा झाला होता!

"गाठ आवळली आहे," डॉक्टर म्हणाले. "गेलेली नाही. पुन्हा कधी डोकं वर काढेल, सांगता येत नाही."

यातलं पहिलंच वाक्य मी ऐकलं. गाडी लोणावळ्याच्या यार्डात शिरली, तेव्हा मी दारातून अर्धा बाहेर लोंबकळत माझ्या सोबत्यांना ओरडून सांगत होतो, "बरी झाली! बरी झाली!" मागून तिने सदरा ओढला.

"झाली म्हनू नका. बरी हाय म्हना."

"त्यात काय फरक पडतो?"

"डाक्टर म्हनले ते म्या बी ऐकलंय. झाली म्हनाल तर एक दिस खोटं पडंल. हाय म्हना. आज ते खरं हाय."

तिला सगळं कळलं होतं, आणि तरी तिचा चेहरा शेतावर निघालेल्या बाईसारखा होता. मी वळून पुन्हा दाराबाहेर वाकलो आणि ती म्हणाली तसं ओरडलो.

त्यानंतर दोन पावसाळे तिने गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावला. यार्डात रोज कोणी ना कोणी विचारायचं, मंडळी कशा आहेत? मी रोज सांगायचो, बरी आहे. त्या दोन पावसाळ्यांत मी एकदाही खोटं बोललो नाही.