घड्याळासमोरचा खरा वेग

प्रौढांच्या वर्गात मला ज्या बाकावर जागा मिळाली, त्याच बाकावर दुर्बीणताई बसत असत. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या. बाटलीवरील केसाएवढी चीरही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून त्यांना हे नाव पडले. त्यांनी मला सांगितलेली हकिकत, आता लिहिता येऊ लागल्यावर, मी प्रामाणिकपणे लिहीत आहे.

तपासणी विभागात चाळीस बायका होत्या. पांढऱ्या उजेडासमोर एकेक बाटली फिरवून पाहायची आणि तडकलेली असेल ती बाजूला काढायची, हे त्यांचे काम. चार तास उलटले की चांगल्या बाटल्याही तडकलेल्या दिसू लागत आणि तडकलेल्या नजरेतून निसटत. दर दोन तासांनी दहा मिनिटे विश्रांती मिळावी, ही संघटनेची मागणी होती. "आधी कामाचा वेग मोजू," असे कंपनी म्हणे. मग घड्याळ घेऊन एक माणूस येई आणि तो उभा राहिला की चाळीसही जणींचे हात जड होत. नव्या मुलीलाही ही रीत पहिल्याच दिवशी शिकवली जाई, कारण खरा वेग दिसला तर कंपनी माणसे कमी करील, अशी सर्वांना धास्ती होती. कंपनीलाही हे सोंग ठाऊक होते. त्यामुळे मोजणीवर कोणाचाच विश्वास बसत नसे आणि विश्रांतीचे घोडे तिथेच अडून राही.

दुर्बीणताई संघटनेच्या प्रतिनिधी झाल्या, तेव्हा त्यांची सून त्याच विभागात नुकतीच तात्पुरती लागली होती. कपात झालीच असती, तर शेवटी आलेल्या बारा जणी प्रथम गेल्या असत्या आणि सून त्यांत होती. तरीही मनाचा हिय्या करून ताई व्यवस्थापकसाहेबांकडे गेल्या.

"दोन आठवडे आम्ही घड्याळापुढे खऱ्या वेगाने काम करू," त्या म्हणाल्या. "तुम्ही विश्रांती देऊन बघा. आणि या मोजणीवरून एकही बाई कमी करणार नाही, असं लिहून द्या."

साहेबांनी लिहून दिले. संघटनेच्या सभेत मात्र गदारोळ झाला.

"दुर्बीण आता केबिनमधून बघायला लागली वाटतं!" तपासणीतल्याच एक बाई म्हणाल्या; त्यांना सगळ्या वहिनी म्हणत. "तिथून आम्ही मुंग्यांएवढ्या दिसत असू."

"मुंग्यांएवढ्या दिसलो असतो तरी चाललं असतं, वहिनी. आपण त्यांना दिसतच नाही, म्हणून तर मोजू द्या म्हणते."

"आणि कागद फिरवला त्यांनी तर?"

"तर माझं पद काढून घ्या."

"तुझं पद घेऊन आम्ही काय चाटायचं आहे? नोकऱ्या जातील त्याचं बोल!"

ताईंनी ठराव मताला टाकला. हात वर झाले, पण कोपरातून अर्धे वाकलेले.

पहिले दोन दिवस घड्याळ पाहताच बोटे आपोआप मंदावत. तिसऱ्या दिवसापासून ती मोकळी झाली. विश्रांतीमुळे नजर टिकू लागली आणि तडकलेल्या बाटल्या पुढे जाण्याचे प्रमाण घटले.

नवव्या दिवशी सकाळी एक अनोळखी माणूस टेप घेऊन आला आणि टेबलांची मापे घेऊ लागला.

"झालं, यंत्र येतंय!" वहिनी म्हणाल्या. "आपला वेग कळला, आता आपलं काम संपलं."

सून ताईंजवळ आली. "आई, माझ्याच टेबलापासून सुरुवात केली त्यांनी."

एकामागून एक हात पुन्हा जड झाले. घड्याळवाला वहीत लिहू लागला. मोजणी इथेच मोडली, तर कागदालाही अर्थ उरणार नव्हता. ताई जिना चढल्या.

"साहेब, तो टेपवाला कोण?"

साहेब उठून उभे राहिले. "मुख्य कार्यालयानं तपासणीच्या यंत्रासाठी मापं मागवलीत. ठरलं काहीच नाही. ठरल्यावर सांगणारच होतो."

"ठरल्यावर?"

"तुम्हाला उगीच घोर लागला असता."

"तो आता चाळीस जणींना लागलाय. खाली चला आणि त्यांच्यासमोर बोला."

साहेब खाली आले. टेबलापाशी उभे राहून त्यांनी सर्व जसेच्या तसे सांगितले. लिहून दिलेला शब्द कायम आहे, असेही सांगितले.

"आणि यंत्र आलंच तर?" वहिनींनी विचारले.

"कोणी कुठं काम करायचं, ते तुमच्या संघटनेबरोबर बसून ठरवू."

"बसून म्हणजे आम्हालाही खुर्ची का?"

दोघी-तिघी हसल्या. कोणीतरी बाटली उचलून उजेडासमोर धरली, मग दुसरीने. सुनेने मात्र सर्वांत शेवटी बाटली उचलली.

दोन आठवडे पुरे झाले आणि विश्रांती कायम झाली. यंत्राचा प्रस्ताव मुख्य कार्यालयात तसाच पडून होता. तो केव्हा हलेल, हे साहेबांनाही सांगता येत नव्हते.

त्या टेपच्या दिवशी साहेब परत जिना चढू लागले, तेव्हा ताईंनी त्यांना थांबवले.

"साहेब, यंत्र आणायचं की नाही, ते पुढे पाहू. पण माप घ्यायला माणूस पाठवण्याआधी मला सांगत जा."