दादाला न सांगता ठरवलेली गाडी

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी हैदराबादेत मलकपेठहून मेट्रो पकडून कुकटपल्लीला गेले. घरात सांगितलं, मैत्रिणीकडे चाललेय. खरं तर व्यसनमुक्तीचं एक केंद्र बघायला निघाले होते...

माझा दादा दारू पितो. आजवर आमच्या घरात याला ‘त्याची तब्येत जरा बरी नसते’ असं म्हणायची पद्धत होती.

नेटवर केंद्र शोधलं, माझा नंबर टाकला आणि पाच मिनिटांत फोन. समोरून चक्क मराठी! “ताई, मी समीर. इतक्या लांब आपणच आपल्या माणसांना सांभाळायचं...”

आमच्या तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या. बँकेपासून भाजीपर्यंत सगळे व्यवहार तेलुगूत नाहीतर हिंदीत, त्यामुळे कोणी मराठीत ‘ताई’ म्हटलं की आम्ही विरघळतो. मीही विरघळले. डॉक्टर कोण, परवाना आहे का, काही विचारलं नाही. उलट ‘तुमचं गाव कुठलं?’ म्हणून गप्पा मारत बसले!

समीरकडे सगळं सोपं होतं. एकवीस दिवसांत दारू सुटायची शंभर टक्के गॅरंटी. रविवारी सकाळी गाडी येईल, चार माणसं दादाला उचलून नेतील, त्याला आधी कळू द्यायचं नाही. तेवढे दिवस भेट नाही, फोन नाही... आणि आमच्या गणपती मंडळात कोणाला पत्ता लागणार नाही.

या शेवटच्या वाक्याला आई आणि मी दोघी भुललो. मंडळातल्या चार लोकांना कळू नये म्हणून आईने समीरने पाठवलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करून फोटो पाठवून दिला.

शुक्रवारी मी सहज म्हटलं, उद्या येऊन जागा बघते. समीरचा आवाजच बदलला. “आपल्या माणसावर विश्वास नाही का, ताई?” तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

पत्त्यावर एक दुमजली घर होतं. बोर्ड नाही, खिडक्यांना पत्रे ठोकलेले, फाटकाला बाहेरून कुलूप. समोर चहाचा ठेला चालवणाऱ्या चाचांना विचारलं, इथे डॉक्टर कधी येतात?

“डागदर? दो साल से बैठा हूँ अम्मा, डागदर तो मैं देखाच नै. घरवाले आते, फाटक पे रोते, चले जाते. अपने आदमी को इधर नक्को डालो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्या पत्र्यांच्या आत असता.

तिथूनच समीरला फोन लावला. सांगितलं, सही रद्द, गाडी आणायची नाही आणि आणलीच तर दारात माझ्यासोबत पोलीस उभे असतील. त्या क्षणी याचं मराठी संपलं आणि हिंदीतून शिव्या सुरू झाल्या!

घरी येऊन दादाला सगळं सांगितलं, गाडीसकट. तो म्हणाला, “मला विचारलं असतंस तर मी स्वतः चालत आलो असतो गं.”

मला भयंकर लाज वाटली. समीर लबाड होताच, पण दादाला न विचारता उचलायला तर मीही तयार झाले होते.

सोमवारी आम्ही दोघे सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई मला बाहेर बसवून आधी दादाशी बोलल्या. गॅरंटी दिली नाही. दारू एकदम सोडली तर फिट येऊ शकते, म्हणून त्यांच्या देखरेखीखालीच सोडायची, असं मात्र बजावलं. मध्ये एकदा दादा घसरला... आणि स्वतःहून परत दवाखान्यात गेला.

तुमच्याही घरात कोणाची ‘तब्येत बरी नसेल’ तर आधी जागा बघा, डॉक्टरचं नाव विचारा, परवाना मागा. आत पाऊल टाकू देत नसतील तर सरळ घरी या. मग समोरचा कितीही गोड मराठी बोलू दे.

ही पोस्ट मी मुद्दाम मंडळाच्या ग्रुपवरही टाकतेय. ज्यांना कुजबुजायचंय त्यांनी खुशाल कुजबुजावं. आमच्या भीतीवरच तर समीरचं दुकान चालतं.

आणि हो... वर ‘माझा दादा दारू पितो’ असं वाक्य आहे ना, ते माझं नाही. मी ‘आमच्या ओळखीतले एकजण’ असं लिहिलं होतं. वाचायला दिलं तेव्हा दादाने ते खोडलं आणि हे स्वतः टाइप केलं.